उन्हाळ्याची कुशलपत्रे आणि कुटुंबाचा इतिहास



स्मरणिकेच्या यंदाच्या अंकासाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचा लेख लिहून द्यावा, अशी मंडळाच्या चिटणीसांची आम्हांस आज्ञा झाली. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. अकरावी मॅट्रिक झालो, शिक्षक-पदविका घेतली आणि जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून मुलांस मुळाक्षरे गिरवावयास लावण्यात अडतीस वर्षे घालविली, एवढेच आमचे भांडवल. लढाया, तह आणि गादीचे वारसे यांविषयी लिहिणारे अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. आम्ही येथे घेतलेला विषय अगदी घरगुती आहे. कोणाचे बारसे झाले, कोणाची मुंज ठरली, कोण कितव्या इयत्तेत गेला, आंबा किती लागला, विहिरीस पाणी किती उरले, अशी जी वार्ता आपल्या विस्तारलेल्या कुटुंबांच्या शाखा दर उन्हाळ्यात एकमेकींस कळवीत आल्या, त्या वार्तेचा हा इतिहास होय.

विषय क्षुल्लक वाटेल. आम्हांसही पुष्कळ वर्षे तो क्षुल्लकच वाटत होता आणि त्या समजुतीपायी आमच्या हातून एक चूक घडली. ती पुढे ओघाने सांगावयाची आहे. किंबहुना ती सांगता यावी म्हणूनच हा लेखनप्रपंच.

वार्तेचा हंगाम

कुटुंबात घडामोडी बारा महिने होतात. परंतु त्यांची गर्दी चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठ या तीन महिन्यांत होते. यास कारणे आहेत. पहिले कारण शास्त्राचे व रूढीचे. उपनयन उत्तरायणात करावयाचे आणि चातुर्मासात विवाहाचे मुहूर्त धरावयाचे नाहीत, सबब मृग बरसण्यापूर्वी बहुतेक मंगलकार्ये उरकून घेण्याकडे सर्वांचा कल. दुसरे कारण शेतीचे. मागचे पीक घरात आलेले असते, पुढची पेरणी व्हावयाची असते. माणसाच्या हातास थोडी उसंत आणि गाठीस थोडा पैसा असतो. तिसरे कारण इंग्रजी अमदानीत आले. शाळा, महाविद्यालये आणि न्यायालये यांस उन्हाळी सुट्टी मिळू लागली, आणि नोकरीनिमित्त पांगलेली माणसे त्या सुट्टीत मूळ घराकडे वळू लागली.

याच अमदानीत आपल्या संस्कारांत एका नव्या संस्काराची भर पडली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, घेण्यात आली. तेव्हापासून जन्म, मुंज आणि लग्न यांच्या पंक्तीस 'मॅट्रिक झाला' ही वार्ता जाऊन बसली. पुढे शालान्त परीक्षेचा निकाल वर्तमानपत्रांत नुसत्या क्रमांकांनी छापून येई. तो कागद घेऊन एखादा जाणता गृहस्थ ओसरीवर बसे, आणि क्रमांक सापडेपर्यंत घरातील बायका चुलीशी तोंडातून शब्द न काढता उभ्या राहत. निकाल जूनमध्ये लागे. म्हणजे उन्हाळ्याच्या वार्तेचा आरंभ गुढीपाडव्याच्या पंचांगवाचनाने आणि समाप्ती बहुधा या निकालाने होई.

कोकणातील कुटुंबांस आणखी एक मर्यादा होती, ती समुद्राची. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी जयगड, रत्‍नागिरी, विजयदुर्ग अशा बंदरांपुढे उभ्या राहत आणि उतारू पडावातून किनाऱ्यास लागत. पावसाळा तोंडावर आला की ही वाहतूक बंद होई. 'शेवटच्या बोटीने निघतो' हे वाक्य त्या काळच्या मे महिन्यातील पत्रांत वारंवार आढळते. त्या बोटीबरोबर माणसे गेली की पुढील चार महिने टपाल हाच काय तो दुवा. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी राज्य परिवहनाची पहिली मोटार धावली, पुढे रस्ते होत गेले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली. तथापि 'शेवटची बोट' हे शब्द आमच्या घरातील वृद्धांच्या तोंडी त्यानंतरही राहिले होते.

एका पैशाचे साधन

आपल्या पूर्वजांची दूरदेशी गेलेली माणसे एकमेकांस कुशल कसे कळवीत? पेशवाईत जासूद होते, पण ते दरबारचे. सामान्य गृहस्थ कोणी जाणारा-येणारा पाहून त्याच्या हाती चिठ्ठी देई. चिठ्ठी पोहोचली तर भाग्य. कंपनी सरकारच्या डाकेत पत्राचा आकार अंतरावर अवलंबून असे, त्यामुळे लांबच्या नातलगास पत्र घालणे गरिबास परवडत नसे. १ ऑक्टोबर १८५४ पासून ही स्थिती पालटली. सबंध हिंदुस्थानात, अंतर कितीही असो, हलक्या पत्रास अर्धा आणा असा एकच दर झाला. परंतु खरी क्रांती घडली ती १ जुलै १८७९ रोजी. त्या दिवशी एक पैसा किमतीचे पोस्टकार्ड निघाले. रुपयाचे चौसष्ट पैसे होते त्या काळी ही किंमत हमालासही देता येण्याजोगी होती. पाठोपाठ १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डरीचे काम हाती घेतले.

या दोन साधनांनी आपल्या कुटुंबांची मोट बांधून ठेवली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मुंबईतील चाळीच्या एका खोलीत राहणारा चाकरमानी गावी मनीऑर्डर धाडी, आणि तिच्या खालच्या कुपनावर जी चार बोटे जागा मिळे तीत मावेल तेवढी वार्ता लिही. 'चि. बंडू पास. ताप उतरला. कौले घ्यावी.' एवढ्या शब्दांत परीक्षा, आजार आणि घराची शाकारणी ही तिन्ही येत.

कार्ड उघडे असल्यामुळे त्यास एक शिस्त आली. टपालवाला ते वाचणार आणि गावात ज्यास वाचता येते तो प्रत्येक जण वाचणार, हे लिहिणारास पक्के ठाऊक असे. त्यामुळे वाटणीचे तंटे, सासुरवास, कर्ज या गोष्टी कार्डावर येत नसत. जागा संपली की बाजूच्या कोऱ्या पट्टीत आडव्या ओळी लिहीत आणि पत्त्याच्या वरही दोन शब्द कोंबीत. अशा रीतीने कार्डाने वार्तेचा एक साचा बनविला: आधी कुशल, मग कार्य, मग परीक्षा, मग पीकपाणी, आणि शेवटी सर्वांस यथायोग्य नमस्कार-आशीर्वाद. या साच्यात कित्येकांस नीरसपणा दिसतो. आम्हांस तीत मोठी माहिती दिसली, ती कशी ते आता सांगतो.

मायन्याचा उपयोग

पूर्वी शाळेत पत्रलेखन शिकविताना मायना घोकून घेत. जन्मदात्या आईबापांस 'तीर्थरूप', इतर वडीलधाऱ्यांस 'तीर्थस्वरूप', लहानांस 'चिरंजीव'. सवाष्णीस 'सौभाग्यवती', विधवेस 'गंगाभागीरथी', विवाह ठरलेल्या कन्येस 'चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी', आणि निवर्तलेल्यास 'कैलासवासी'. मोठ्यांस शि. सा. न., म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार, लहानांस अ. आ., म्हणजे अनेक आशीर्वाद. आजच्या मुलांस ही अक्षरे गूढ वाटतील. परंतु जुन्या पत्रांचा गठ्ठा क्रमाने लावला म्हणजे हीच अक्षरे घराचा दाखला देऊ लागतात. एखाद्या काकूच्या नावामागील 'सौ.' जाऊन तेथे 'गं. भा.' आले, की त्या दोन पत्रांच्या मधल्या काळात काका गेले हे समजावे. 'कु.' जाऊन 'चि. सौ. कां.' आले, की सोयरीक जमली. नमस्कारांच्या यादीत एका नव्या 'चि. बाळा'ची भर पडली, की पाळणा हलला.

मृत्यूची गोष्ट मात्र निराळी. शुभ पत्राच्या कोपऱ्यांस हळदकुंकू लावून ते जपून ठेवीत. अशुभ वार्तेचे पत्र वाचून लगेच फाडून टाकीत, घरात ठेवीत नसत. याचा परिणाम असा झाला आहे की कोणत्याही घराच्या जुन्या पत्रांत जन्म सापडतात, मुंजी सापडतात, निकाल सापडतात. मृत्यू सापडत नाहीत. गेलेले माणूस केवळ नमस्कारांच्या यादीतून नाहीसे होते. घराचा इतिहास लिहू इच्छिणाराने पत्रात काय लिहिले आहे तेवढेच पाहून भागत नाही; मागील पत्रात असलेले कोणते नाव या पत्रात नाही, तेही पाहावे लागते.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे एकूण बावीस खंड सिद्ध केले. ही साधने म्हणजे बव्हंशी लोकांच्या वाड्यांतून, दप्तरांतून, माळ्यांवरून गोळा केलेली पत्रेच होत. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग निघाले. या थोर पुरुषांनी शिकविले ते एवढेच, की कागद फेकू नये. दरबारच्या कागदांस लागू असलेला हा नियम घरच्या कार्डांस लागू करण्याची बुद्धी आम्हांस फार उशिरा झाली.

आमच्या घरची तार

आमचे मूळ घर रत्‍नागिरी जिल्ह्यात एका खाडीकाठच्या गावी आहे. माजघराच्या खुंटीस एक वाकविलेली लोखंडी तार टांगलेली असे, आणि आलेले प्रत्येक पत्र वाचून झाले की तिच्यात ओवीत. तार भरली की ती माळ्यावर जाई. निवृत्तीनंतर आम्ही माळा साफ करावयास घेतला तेव्हा अशा दोन तारा हाती लागल्या. वाळवीने पुष्कळ खाल्ले होते. तरीही १९३८ पासूनची तीनशेच्या वर कार्डे वाचता येण्याजोगी निघाली. पुण्याच्या शाखेतील आमच्या वयोवृद्ध काकूंनी त्यांच्याकडील एक गठ्ठा आम्हांस दिला. मूळ घरी आलेली पत्रे आणि मूळ घरून गेलेली पत्रे अशा दोन्ही बाजू त्यामुळे काही अंशी जुळल्या. निम्म्याहून अधिक पत्रे मार्च ते जून या चार महिन्यांतील आहेत, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

मोठा इतिहास या कार्डांत कसा येतो, हे पाहणे मनोरंजक आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. गिरगावातून त्यानंतर आलेल्या कार्डात आरंभीच 'आम्ही सर्व सुखरूप' असे दोनदा लिहिले आहे. पुढे खिडकीची तावदाने फुटल्याचे एक वाक्य, आणि लगेच 'मुंजीस येणे कठीण, आंबे मात्र धाडावे' अशी विनंती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्या आठवड्यातील कार्डात रोषणाई पाहिल्याच्या दोन ओळी आहेत आणि उरलेल्या आठ ओळींत फणसाचे गरे प्रवासात कसे उतरले याचे वर्णन आहे. १९७४ साली ८ मे ते २७ मे रेल्वेचा देशव्यापी संप झाला. आमच्या धाकट्या भावाची मुंज त्याच महिन्यात होती. इंदूरच्या शाखेचे कार्ड आले की 'गाड्या बंद, निघणे अशक्य, अक्षता येथूनच टाकतो.' त्याच कार्डाच्या कडेस आमच्या मॅट्रिकच्या निकालाची विचारणा आहे. निकाल आमच्या बाजूने लागला, हे वाचकांनी आरंभीच ताडले असेल.

कोणी म्हणेल, स्फोटापुढे आंबे आणि राज्यस्थापनेपुढे फणस, ही काय दृष्टी? आम्ही असे म्हणू की राज्यांचे बरेवाईट होत असता घर चालू राहते, आणि ते चालू आहे हे कळविणे हेच त्या कार्डाचे काम होते.

आत्याआजी

आता ज्या चुकीचा उल्लेख आरंभी केला, तिच्याकडे वळतो.

आमच्या आजोबांस एक धाकटी बहीण होती. तिचे लग्न नवव्या वर्षी झाले आणि तिला बाराव्यास वैधव्य आले, असे घरात सांगत. १९२९ चा शारदा कायदा होण्यापूर्वीच्या काळातील ही गोष्ट, आणि त्या काळी अशा घटना घरोघरी घडत. सासरी तिचे कोणी उरले नाही, म्हणून ती माहेरी परत आली आणि जन्मभर येथेच राहिली. घरात सर्वजण तिला आत्या म्हणत; आमच्या पिढीने तिचा उल्लेख आत्याआजी असा ऐकला.

उन्हाळ्याची सारी बेगमी तिच्या हाती असे. आंब्याची अढी लावणे, साटे वाळत घालणे, फणसपोळी, कुळीथ, सांडगे, मिरगुंडे, आणि वैशाखअखेर लोणच्याच्या बरण्या भरणे ही सर्व कामे तिची. पण कार्डे वाचताना तिचे आणखी एक काम आमच्या ध्यानी आले. मूळ घरून बाहेर गेलेल्या कित्येक पत्रांखाली सही आजोबांची आहे, अक्षर मात्र निरनिराळ्या शाळकरी मुलांचे आहे. पुण्याच्या काकूंनी याचा उलगडा केला. दुपारची जेवणे झाली की आत्याआजी सुट्टीस आलेल्या एखाद्या मुलास दौत-टाक देऊन बसवी आणि पत्र सांगे. कोणत्या शाखेस काय कळवावयाचे, कोणापासून काय लपवावयाचे, कोणास नमस्कार आणि कोणास आशीर्वाद, हे सर्व तिच्या मुखोद्गत. तिला स्वतःस लिहिता येत नव्हते. घराण्याची बखर तिने वीस वर्षे सांगितली आणि खाली सही दुसऱ्याची पडली.

१९५७ च्या चैत्रात पुण्यास गेलेले एक कार्ड आमच्यापुढे आहे. 'येथील सर्व क्षेम. बाळाचे बारसे यथासांग झाले. बाळ अशक्त, पण गुटी लागू पडली आहे. दृष्ट काढली. पुण्याच्या मंडळींनी काळजी करू नये.' यातील अशक्त बाळ म्हणजे प्रस्तुत लेखक होय. आमच्या या जगातील आगमनाची पहिली लेखी वार्ता तिने सांगितलेली आहे.

१९८६ च्या मे महिन्यात मूळ घराची दुरुस्ती झाली आणि त्या निमित्ताने सर्व शाखा एकत्र जमल्या. आम्ही शिक्षक, अक्षर बरे, म्हणून घराण्याची वंशावळ मोठ्या कागदावर काढून भिंतीस लावण्याचे काम आम्हांकडे आले. जुनी चोपडी समोर ठेवून आम्ही सात पिढ्यांचा वृक्ष काढला. प्रथेस अनुसरून त्यात पुत्र, पौत्र आणि त्यांच्या पत्नी लिहिल्या. मुली लिहिल्या नाहीत. त्या सासरच्या वृक्षात यावयाच्या, असा संकेत. विसाव्या शतकात अनेक कुळांनी मोठ्या कष्टाने आपापले कुलवृत्तान्त छापून काढले, त्यांतील कित्येकांतही लेकींची जागा अशीच आखूड आहे. कागद भिंतीस लागला, सर्वांनी वाखाणला. पुण्याच्या काकू बराच वेळ त्याच्यापुढे उभ्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "आत्याबाईंना कुठे रे लिहिलेस?"

आम्ही त्यांस प्रथा समजावून सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या.

आम्ही बजावलेल्या संकेताचा अर्थ आम्हांस तेव्हा कळला नव्हता. ज्या सासरच्या वृक्षात आत्याआजी यावयाची, तेथे तिचा संसारच झाला नाही, अपत्य नाही. तेथे तिला कोण लिहिणार? म्हणजे माहेरने सासरवर सोपविली आणि सासरने कधी घेतली नाही. घर चालविले त्या घराच्या कागदावर ती नाही, आणि दुसऱ्या कोणत्याही कागदावर ती असणे शक्य नाही. हे काम कोणा दुष्टाने केलेले नाही; मुळाक्षरे शिकविणाऱ्या एका मास्तराने, सुवाच्य अक्षरांत केले आहे.

तारा उतरविल्यावर आम्ही तिचा शोध घेतला. तिचे स्वतःचे पत्र एकही असणे शक्य नव्हते. पण प्रत्येक शाखेच्या प्रत्येक कार्डाच्या शेवटी 'ती. गं. भा. आत्यास शि. सा. न.' हे शब्द होते. आम्ही कार्डे वर्षवार मांडून हे शब्द शोधीत गेलो. १९५८ च्या रामनवमीच्या सुमारास आलेल्या कार्डात ते आहेत. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पुण्याहून आलेल्या कार्डात नाहीत. मधले पत्र, जे अर्थातच मूळ घरून गेले असेल, ते रीतीप्रमाणे वाचून फाडले गेले. जूनच्या त्या कार्डात दुःखाचा एकही शब्द नाही. पीकपाणी विचारले आहे, मुलांच्या इयत्ता कळविल्या आहेत, आणि कडेच्या पट्टीत काकूंच्या अक्षरांत आडवी ओळ आहे: 'यंदा लोणचे कोणी घातले? मीठ कोणी पाहिले?'

एवढ्यावरून आम्हांस तिच्या मृत्यूचा काळ कळला. तिथी मिळाली नाही. वैशाखाच्या आगेमागे, एवढे मिळाले. आम्ही तेव्हा एक वर्षाचे होतो.

काकू त्या वेळी नव्वदीत होत्या. आम्ही ते कार्ड घेऊन पुण्यास गेलो आणि त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते चष्मा लावून वाचले आणि म्हणाल्या, "मीठ जास्त झालं होतं त्या वर्षी." दुसरे काही बोलणे झाले नाही. परत आल्यावर आम्ही भिंतीवरचा कागद उतरविला आणि नवा कागद घेतला. त्यात आजोबांच्या शेजारी त्यांच्या भगिनीचे नाव घातले, आणि सातही पिढ्यांतील ज्या ज्या लेकींची नावे मिळाली ती सर्व लिहिली. पहिल्या तीन पिढ्यांत एकही मिळाले नाही. तेथे आम्ही रेघा ओढून जागा मोकळी ठेवली आहे.

आजची स्थिती

आता तारेचे दिवस गेले. प्रथम एस. टी. डी.च्या पिवळ्या पाट्यांची दुकाने झाली, मग घरोघर दूरध्वनी आले. आमच्या मूळ घरी दूरध्वनी आला त्या वर्षानंतरचे एकही कार्ड तारेवर नाही. १५ जुलै २०१३ पासून सरकारी तारसेवाही बंद झाली; जिच्या आगमनाने घराचे काळीज थरथरे ती तार आता कोणास येणार नाही. आज आमच्या कुटुंबाच्या सर्व शाखा भ्रमणध्वनीवरील एका समूहात आहेत. उन्हाळ्यात तेथे वार्तेचा पूर येतो. दहावीचे गुण, बारशाची छायाचित्रे, पहिल्या आंब्याची पेटी, परदेशी गेलेल्या नातवाचा पदवीदान समारंभ, सर्व काही क्षणात पोहोचते. एक पैशाचे कार्ड आठ दिवसांनी मिळण्यात ज्यांना गोडी वाटते त्यांनी ती खुशाल घ्यावी. आम्हांस मात्र नातीचा चेहरा रोज दिसतो याचे सुख अधिक आहे. आणि या समूहात सुना व लेकी स्वतःच्या नावाने लिहितात, ही सुधारणा लहान नव्हे.

परंतु एक उणीव सांगितली पाहिजे. हे सर्व टिकत नाही. यंत्र बदलले, मोडले वा हरवले की दहा वर्षांची वार्ता त्याबरोबर जाते. वाळवीने आमच्या तारेवरील निम्मी पत्रे खाल्ली, निम्मी तरी ठेविली. बोलणे वाढले आहे आणि नोंद घटली आहे. पन्नास वर्षांनी एखाद्या नातवास आपल्या आत्याआजीचा शोध घ्यावासा वाटला, तर त्याने कोणती तार उतरवावी?

यास्तव मंडळापुढे व ज्ञातिबांधवांपुढे आम्ही नम्रपणे तीन सूचना ठेवितो. पहिली, प्रत्येक कुटुंबाने दरवर्षी मे महिन्यात, सर्व मंडळी जमली असता, त्या वर्षाची कुटुंबवार्ता एका कागदावर शाईने लिहून काढावी. जन्म, विवाह, परीक्षा, नोकरी, आजार आणि मृत्यूही त्यात तारखेसह असावेत. अशुभ म्हणून फाडू नये. दुसरी, त्या कागदावर लेकी, सुना आणि घरात राहिलेल्या एकट्या स्त्रिया यांची नावे, केवळ 'सौ.' वा 'श्रीमती' अशी उपपदे नव्हेत, पूर्ण नावे लिहावी. तिसरी, त्याची एक प्रत मंडळाच्या ग्रंथालयात ठेवण्याची व्यवस्था चिटणीसांनी करावी आणि स्मरणिकेच्या कुटुंबवार्तेच्या पानांस त्याचा आधार घ्यावा. यास खर्च नाही. एक दुपार, एक कागद आणि लिहिणारे एक मूल पुरे.

ज्यांच्या माळ्यावर अजून अशी तार असेल, त्यांनी ती रद्दीत देण्यापूर्वी एकदा उतरवून, पत्रे वर्षवार मांडून, शेवटच्या ओळी वाचाव्यात. कोणाचे नाव कोठपर्यंत येते ते पाहावे, आणि आपल्या वंशावळीशी ताडून पाहावे. वाचण्यास कोणास अडचण आली, तर आमची दृष्टी अजून बरी आहे आणि आमच्यापाशी वेळही आहे. मंडळामार्फत निरोप धाडावा, आम्ही येऊन वाचून देऊ.

लेखात काही न्यून वा अधिक झाले असल्यास वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी. सर्व वडीलधाऱ्यांस शि. सा. न., लहानांस अ. आ. कळावे, लोभ असावा, ही विनंती.